बेळगावात राहून व्हीगन व्हायचंय, चहा-ताकाचं काय करू?

शहापूरची_लेक

नमस्कार. इथं बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे बरेच जण दिसतात म्हणून इथंच विचारतेय. व्हीगन म्हणून यूट्यूबवर काहीही बघा, सगळे अॅव्होकाडो कापत बसलेले असतात नाहीतर बदामाचं दूध ओतत. आमच्या गल्लीतल्या दुकानात टोफू मागितला तर दुकानदार मला वरपासून खालपर्यंत बघेल. आपल्या भागातल्या जेवणात हे कसं बसवायचं, कुणी करत असेल तर सांगा.

बाबा माळकरी, त्यामुळं मटण-मासे-अंडी आमच्यात पहिल्यापासून बंद. मला आता दूध, दही, तूप, लोणी, मध हे पण सोडायचंय. कारण फार पसरवत नाही, गावाकडं काकांचा गोठा आहे, रेडकू झालं की त्याचं काय होतं ते बघत मोठी झाले आणि आता ते डोक्यातनं जात नाही, एवढंच.

अडचण अशी की सकाळी चहा लागतो आणि कोरा चहा मला जात नाही. दुपारी आईचं ताक. त्यात आईचं सुरू, दूध सोडलंस तर हाडं ठिसूळ होणार, केस गळणार, मग लग्नाचं काय. मे महिन्यात चुलत भावाचं लग्न आहे, मांडे होणार, दुधाचा कुंदा वाटणार आणि मी पंगतीत बसून हे नको ते नको म्हणणार, सगळ्या काकू-माम्या माझ्याकडं बघणार. मटण नको म्हटलं तर कुणी काही बोलत नाही, माळकऱ्याची पोर म्हणून सोडून देतात, पण दूध नको म्हणजे काय हे कुणाला समजतच नाही. प्रोटीन, कॅल्शियम कुठनं घेऊ, गोळ्या खरंच लागतात का? ओट्सचं दूध परवडत नाही हो, साध्या दुधाच्या चौपट-पाचपट किंमत.

भाकरी_चटणी

ताई पहिल्यांदा ते यूट्यूब बंद करा आणि आपल्या खानावळीतलं ताट आठवा. ज्वारीची भाकरी, कडक असू दे नाहीतर मऊ, एण्णेगाई म्हणजे भरलं वांगं, मटकीची उसळ, शेंगाचटणी, गुरेळ्ळ चटणी म्हणजे कारळ्याची, बाजूला कच्ची मेथी, कांद्याची पात, गाजर, काकडी. यात दूध कुठाय? दह्याची वाटी आणि वरनं सोडलेलं तूप तेवढं बाजूला केलं की झालं, चटणीवर तेल घ्या, आमच्यात म्हातारी माणसं तसंच खायची. रानात बांधून न्यायची भाकरी-झुणका-ठेचा तर पहिल्यापासूनच बिनदुधाची, फक्त तिला कुणी व्हीगन म्हणत नव्हतं आणि त्याचे फोटो टाकत नव्हतं.

प्रोटीनचं एवढं घेऊन बसू नका. कोरडे हुलगे, मूग, मटकी, हरभरे यात शंभर ग्रॅमला साधारण २० ते २४ ग्रॅम प्रोटीन असतं, शेंगदाण्यात २५च्या आसपास, सोयाबीनमध्ये ३६च्या वर. बैलहोंगलकडं सोयाबीन ढिगानं पिकतं आणि सगळं तेलाच्या कारखान्याला जातं, आपण खात नाही ही गंमतच आहे. फक्त एक करा, आमटी म्हणून पिवळं पाणी ओतून घेऊ नका. खरं तर आपल्याकडं प्रोटीन कमी पडतंय ते दूध नसल्यामुळं नाही, डाळ पातळ करून भाताचा डोंगर खाल्ल्यामुळं पडतंय. दोन्ही वेळेला घट्ट उसळ नाहीतर घट्ट डाळ पाहिजे, मूठभर शेंगा पाहिजेत, हुलग्याची पिठी आठवड्यातनं एकदा-दोनदा. अख्खा मसूर तर आपल्या पट्ट्याचाच, ढाब्यावर मिळतो, फक्त वरनं बटर नको म्हणून आधी सांगायचं.

कॅल्शियमला नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, ग्लासभर दुधात अडीचशे ते तीनशे. म्हणजे नाचणीच्या दोन भाकऱ्या किंवा वाडगाभर आंबील. खानापूर भागातल्या बायका आठवडी बाजारात नाचणी घेऊन बसतात, तिथली घ्या, पाकिटातलं ‘रागी माल्ट’ नको, त्यात साखर आणि बऱ्याचदा दुधाची पावडर असते. तीळ न सोललेले घ्यायचे, सालातच माल असतो, पांढरेशुभ्र तीळ दिसायला चांगले पण त्यात कॅल्शियम कितीतरी कमी. शेवग्याचा पाला मिळाला तर सोडू नका. पालकावर मात्र भरवसा नको, त्यातलं कॅल्शियम अंगाला लागत नाही.

सणाला पुरणपोळी तुपाऐवजी बिनदुधाच्या गुळवणीबरोबर, कटाची आमटी आहेच. शेंगापोळीत दूध नसतंच. गव्हाची हुग्गी म्हणजे खीर नारळाच्या दुधात करा, आमच्या घरात आता सगळे तीच मागतात. गोकाकच्या करदंटात, म्हणजे त्या डिंक-सुकामेव्याच्या मिठाईत मात्र तूप असतं, डिंक तुपात तळतात, ते घरी खोबरेल तेलात करून बघा, वास जरा वेगळा येतो पण वाईट नाही. कुंद्याला पर्याय नाही, कुणी काजूचा वगैरे करून दाखवला तरी तो कुंदा नव्हे, तिथं सरळ हात जोडायचे.

मेडिकलवाला_निपाणी

गोळ्यांच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो. मी डॉक्टर नाही, औषधाच्या दुकानात बसतो, पण रोज बघतोय.

व्हिटॅमिन बी-१२ ची गोळी लागतेच, यावर वाद नाही. बी-१२ जिवाणू तयार करतात, झाडाझुडपात ते भरवशाचं मिळत नाही. इडलीच्या आंबलेल्या पिठात मिळतं, स्पिरुलिनात मिळतं, न धुतलेल्या भाजीत मिळतं असलं व्हॉट्सअॅपवर येतंय ते सोडून द्या. लोक फसतात ते का, तर लिव्हरमध्ये साठा असतोय, तो वर्षानुवर्षं पुरतोय, सुरुवातीला काहीच होत नाही, मग माणूस म्हणतो बघा मला गोळी लागली नाही. पुढं पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, तोंड येतं, थकवा जात नाही, विसरायला होतं आणि तोवर मज्जातंतूंना मार बसलेला असतो. सुरू करायच्या आधीच एकदा रक्त तपासून घ्या. आपल्याकडं दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसातसुद्धा बी-१२ कमी निघतंय, त्यामुळं आईंचं पण तपासा, दूध पिऊन सगळं ठीक आहे हा त्यांचाही गैरसमज असू शकतो.

इंग्लंडमधली व्हीगन सोसायटी, १९४४ सालापासूनची जुनी संस्था आहे, ती सांगते रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅम. तपासणीत फारच कमी निघालं तर इंजेक्शन लागतं, ते डॉक्टर ठरवतील, मनानं नको. घरात कुणाला शुगरसाठी मेटफॉर्मिन सुरू असेल नाहीतर रोज ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर त्यांचं बी-१२ आणखी खाली जातंय, व्हीगन असोत नसोत.

आणि एक, तुम्ही मध सोडताय म्हणून सांगतो, मऊ कॅप्सूल बहुतेक जिलेटीनच्या असतात, ते हाडा-कातड्यातनं काढतात. दुकानात ‘टॅबलेट द्या, कॅप्सूल नको’ म्हणून सांगा. व्हिटॅमिन डी-३ बहुतेक मेंढीच्या लोकरीच्या तेलकट भागापासून करतात, डी-२ चालेल, नाहीतर दगडफुलाच्या जातीपासून केलेलं डी-३ येतं पण आमच्यासारख्या दुकानात ते मागवून घ्यावं लागतं. डॉक्टरनं जीव वाचवायला दिलेलं औषध असेल तर मात्र यात शिरू नका, गुमान घ्या. जेवणावर लिंबू पिळा, लोह अंगाला लागतं, आणि चहा जेवणाबरोबर नको, तासभर अंतर ठेवा.

गोठेवाला_हुक्केरी

सगळं वाचलो. राग नाही धरला पण एक बाजू आमची पण ऐका. माझ्याकडं चार म्हशी, दोन जर्सी. उसाचं बिल कधी येईल सांगता येत नाही, दुधाचं बिल दर दहा दिवसाला येतंय, पोरांची फी, घरचा किराणा, दवाखाना सगळं त्यावर. कर्नाटकच्या नंदिनी डेअरीला घाला नाहीतर कोल्हापूरच्या गोकुळला घाला, पैसा वेळेला हातात पडतोय. शिवाय शेणखत. तुमच्या त्या सेंद्रिय भाज्या कुठल्या खतावर येतात ते पण बघा की जरा.

रेडकाचं म्हणाल तर खोटं बोलणार नाही. म्हैस दूध देते ती व्याल्यावरच, गाभण राहिली की दहा महिने धरायला लागते, आणि रेडा झाला तर पूर्वी नांगराला तरी जायचा, आता ट्रॅक्टर आला, त्याला कोण पोसणार. कर्नाटकात २०२० च्या कायद्यानं गाय, बैल, वासरू कापायला बंदी, म्हैस-रेडा तेरा वर्षांच्या आतला असला तरी बंदी. पण आईचं दूध पुरतं पाजलं नाही की रेडकू आपोआपच जातंय, ते कुठल्या कायद्यात बसत नाही. आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. मी पाजतोय, पण पाजणाऱ्याला लिटरभर दूध कमी जातं हे पण खरं. तुम्ही सोडा दूध, माझं काही म्हणणं नाही, पण शेतकऱ्याला खाटीक म्हणू नका.

शहापूरची_लेक

अण्णा, खाटीक वगैरे मी म्हटलंच नाही हो, माझे काका पण तेच करतात आणि त्यांच्या घरीच मी जेवते. तुम्ही एवढं सरळ लिहिलात त्याबद्दल उलट बरं वाटलं, काकांना विचारलं तर ते विषय बदलतात. मला कुणाला शिकवायचं नाही, माझ्यापुरतं बघतेय.

मेडिकलवाले दादा, तपासणी करून घेते, आईची पण. आता चहा आणि ताकाचं कुणीतरी सांगा.

चिकोडीची_सून

ताकाचं मी सांगते, आमच्या घरात होतंय. शेंगदाण्याचं दही लावायचं. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजत घाला, सकाळी चोळून सालं काढा, सालं राहिली तर दही काळपट आणि जरा कडवट होतं. तीन वाट्या पाणी घालून मिक्सरला बारीक वाटा, फडक्यातनं गाळा. चोथा टाकू नका, भाकरीच्या पिठात नाहीतर भाजीत घाला. दूध मंद आचेवर सारखं हलवत उकळी आणा, नाही हलवलं तर खाली धरतं आणि सगळं गेलं. मग कोमट होऊ दे, बोट घालता येईल एवढं, आणि विरजण म्हणून हिरव्या मिरचीचे सात-आठ देठ घालायचे, देठाच्या वरची टोपी असते ना तिच्यासकट. झाकून उबेला ठेवा. पहिल्या वेळचं दही पातळ होतं, वास पण कच्चा येतो, ते बघून लोक घाबरतात आणि सोडतात. त्यातलंच चमचाभर दुसऱ्या वेळेला विरजण म्हणून लावा, दुसरं-तिसरं चांगलं लागतं. ताक करून आलं, मिरची, कोथिंबीर, वरनं तेलात जिऱ्या-कढीपत्त्याची फोडणी दिली की आमच्या मामंजींना सांगितल्याशिवाय कळत नाही. नुसतं पांढरं दही म्हणून खायला दिलं तर कळतं, ते खोटं कशाला सांगू.

चहाला शेंगदाण्याचं दूध घालू नका, चहा आमटीसारखा लागतो. सोयाबीनचं घरी करा. रात्रभर भिजवून सालं काढून गरम पाण्यात वाटायचं, गाळून चांगलं दहा-पंधरा मिनिटं उकळायचं. कच्चं सोयाबीन पोटाला बाधतं त्यामुळं उकळण्यात आळस नको. चहा आधी पूर्ण करून गाळून घ्या, खाली उतरवा आणि मग त्यात गरम सोयादूध ओता. चहाबरोबर उकळलंत तर फाटतं, आलं घातलं की हमखास. नाहीतर सरळ धने-जिऱ्याचा कषाय म्हणजे काढा प्या, गूळ घालून, दूध न घालता पण छान लागतो, गवती चहा असला तर आणखी चांगला.

आता पंगतीचं. आम्ही जैन, आमच्यात दूध-तूप भरपूर चालतं, त्यामुळं मी पहिल्यांदा नको म्हटलं तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण आमच्यात रस सोडायची पद्धत आहे, दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ हे सहा रस, व्रतात आज हा सोडला उद्या तो सोडला असं चालतं. माझ्या आजेसासूबाई कितीतरी वर्षं तूप खात नव्हत्या, कुणी त्यांना का म्हणून विचारलं नाही. मी पण एकदा पंगतीत म्हटलं, मी दूध-दही-तुपाचा रस सोडलाय. विषय संपला, वर वाढपी मला दोनदा विचारून आमटी वाढून गेला. तुम्ही माळकऱ्याच्या घरातल्या, तुमच्यात एकादशी, श्रावण, काहीतरी सोडायची सवय आहेच की. ‘मी व्हीगन आहे’ म्हटलं की सगळे चर्चेला बसतात, ‘मी दूध-तूप सोडलंय’ म्हटलं की लोक पुढच्या ताटाकडं जातात. काकूंना आदल्या दिवशी फोन करून सांगा तेवढं, ऐन वेळी ताटात वाढलेलं परत करणं आपल्याकडं वाईट दिसतं.

नाईटशिफ्ट_उद्यमबाग

रस सोडलाय 😄 हे भारी आहे, मी उद्यापासून हेच सांगणार.

हॉटेलचं माझ्याकडनं. डोसा सांगताना कन्नडमध्येच सांगा, ‘बेण्णे तुप्पा बेड री, एण्णे हाक्री’, म्हणजे लोणी-तूप नको, तेल घाला, मराठीत सांगितलं की ‘हो हो’ म्हणून तव्यावर लोणी टाकतात, कारण तव्यावरच्या माणसापर्यंत ते पोचतच नाही. खोबऱ्याच्या चटणीत कुठंकुठं दही असतं, विचारायचं. उप्पीट-शिऱ्यात तूप धरूनच चाला. इडली-सांबार, पुरी-भाजी, मिरची भजी, भडंग यात सहसा काही नसतं. नान, कुलचा नको, पीठ दह्या-दुधात मळतात, तंदूर रोटी विचारून घ्या. जिलेबीच्या पिठात पण दही असू शकतं, तुमच्या लग्नात बघा.

पाकिटावर हिरवा ठिपका बघून फसू नका, हिरव्या ठिपक्यात दूध आणि मध दोन्ही बसतं. व्हीगनचं वेगळं चिन्ह आहे, हिरव्या चौकोनात इंग्रजी व्ही आणि त्याला पान, सरकारनं २०२२ मध्ये नियम केलेत. पण ते महागड्या मालावरच दिसतं, साध्या बिस्किटाला कोण लावतंय. मागं बारीक अक्षरात ‘मिल्क सॉलिड्स’ आहे का बघायचं, साध्या ग्लुकोज बिस्किटात आणि ब्रेडमध्ये पण निघतं. आणि सोयादूध ऑनलाइन शोधताना ‘सोया बेव्हरेज’ म्हणून शोधा, पाकिटावर ‘मिल्क’ लिहिण्यावरनं भांडण झालंय, त्यामुळं बऱ्याच कंपन्या तसंच लिहितात.

कारखान्यावरचा_पोरगा

साखर पण व्हीगन नसते, हाडाच्या कोळशातनं गाळतात, असा मेसेज फिरतोय, कुणीतरी टाकायच्या आधी मीच सांगतो. ते परदेशातल्या काही रिफायनरीत. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांत रस चुन्यानं आणि गंधकाच्या धुरानं साफ करतात, हाडांचा संबंध नाही. गूळ तर गुऱ्हाळात रानभेंडीचा चीक घालून साफ करतात, काही ठिकाणी रंग उजळायला हायड्रोस नावाचं रसायन मारतात तो विषय वेगळा. तेव्हा चहात साखर घाला बिनधास्त, उसाचं पण बिल निघू दे 😀

अथणीचा_पाहुणा

जेवणाचं झालं, चपलांचं काय मग? आमच्या अथणीत कोल्हापुरी चपला करतात, निपाणीकडं पण. २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरले, त्यात बेळगाव आहे. सगळं कातडं. व्हीगन माणसानं ती घालायची नाही म्हणे. आणि ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या हातानं शिवायची कला आहे त्यांनी काय करायचं? रबरी सोल आणि रेक्झिनच्या नकली कोल्हापुरी बाजारात आल्या म्हणूनच ही माणसं मागं पडली.

भाकरी_चटणी

अथणीकर, प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडं याचं गोड उत्तर नाही. व्हीगन सोसायटीची जी व्याख्या आहे त्यातच ‘शक्य आणि व्यवहारात जमेल तितकं’ असं आहे. घरात असलेली चप्पल फेकून देण्यात काही अर्थ नाही, झिजेपर्यंत वापरा. पुढची घ्यायची का नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं, मी कॅनव्हासची घेतो. कारागिराचं मात्र खरं आहे, रेक्झिन घेऊन मी काही फार मोठं पुण्य करत नाही, ते प्लास्टिकच.

साड्यांचं ताई तुम्हाला विचारतीलच लग्नात. रेशमात कोष किड्यासकट उकळतात, तेव्हा ते सोडणारे सोडतात. पण इलकलमध्ये सुती अंगाची आणि पदराला आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम रेशीम असलेली मिळते, ती चालते, दुकानात फक्त पदर कशाचा ते विचारून घ्या.

शहापूरची_लेक

बापरे, साडीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आईनं पैठणी काढून ठेवलीय, यावेळी तीच नेसते, पुढचं पुढं. काकूंना फोन केला आणि रस सोडलाय म्हणून सांगितलं, त्या म्हणाल्या बरं, मग तुझ्यासाठी मसालेभातावर तूप घालणार नाही, वांग्याची भाजी जास्त करते. एवढंच.

चिकोडीच्या वहिनी, शेंगदाण्याचं दही लावलंय, पातळच झालंय तुम्ही म्हटल्यासारखं. त्याची कढी होते का, का फाटते?

चिकोडीची_सून

होते की. बेसन नेहमीपेक्षा चमचाभर जास्त घ्या, गार दह्यातच नीट कालवून मग गॅसवर ठेवा, मंद आच, आणि उकळी येईपर्यंत डाव थांबवायचा नाही. मीठ उतरवल्यावर घाला. पहिल्या वेळच्या दह्याची करू नका, थांबा दुसऱ्यापर्यंत.